एकतीस डिसेंबरची सही

लिस्बन, ७ एप्रिल २०२५

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे आल्या आहेत. आज बेलेंच्या चौकात त्यांना मानवंदना झाली. मग शेजारच्या जेरोनिमोस मठात जाऊन त्यांनी पोर्तुगीजांचा महाकवी कामोइश याच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहिलं. भारताचे राष्ट्रपती याआधी इथे आले होते ते १९९८ साली, के. आर. नारायणन. या भेटीचं निमित्त म्हणजे दोन्ही देशांतले राजनैतिक संबंध पुन्हा जुळल्याला झालेली पन्नास वर्षं. टपाल तिकिटंही निघाली आहेत. एकावर राजस्थानच्या कालबेलियांचा पोशाख आहे, दुसऱ्यावर इथल्या उत्तरेकडच्या व्हियाना दु कास्तेलुचा.

ज्या मठात कामोइश आहे, तिथेच वास्को द गामाचंही थडगं आहे. त्यामुळे भारत आणि पोर्तुगाल म्हटलं की बोलणं लगेच १४९८ वर जातं. मला मात्र या पन्नास वर्षांच्या आधीची, म्हणजे १९५५ ते १९७४ ही वर्षं सोडत नाहीत. या काळात दिल्ली आणि लिस्बन एकमेकांशी बोलतच नव्हते. तो अबोला ज्या कागदाने संपला, त्यावर ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत दोन सह्या झाल्या. एक पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश यांची, दुसरी यशवंतराव चव्हाणांची.

कऱ्हाडात इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. यशवंतराव आमच्याकडे घराघरात आहेत. संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, सहकार, साखर कारखाने, हे सगळं पोरांना पाठ असतं. परराष्ट्रमंत्री झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात त्यांनी चारशे एक्कावन्न वर्षांच्या राजवटीचा हिशेब कागदोपत्री मिटवला, हे मात्र माझ्या वर्गात कधी कुणी विचारलं नाही आणि क्रमिक पुस्तकातही नव्हतं. लेकीकडे राहायला आले आहे, तर या महिन्यात एवढं एकच काम मन लावून करायचं ठरवलं आहे.

९ एप्रिल

नातं तुटलं कसं, ते आज सलग लिहून काढलं.

स्वातंत्र्यानंतर भारताने हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालशी रीतसर संबंध जोडले आणि १९४९ साली लिस्बनला वकिलात उघडली. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने पत्र दिलं: गोवा, दमण, दीवच्या भवितव्याबद्दल बोलू या. जूनमध्ये उत्तर आलं, यावर बोलण्यासारखं काही नाही. १९५१ साली पोर्तुगालने घटना दुरुस्त केली आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ ठरवलं. ज्याला तुम्ही वसाहत म्हणता ते आमचं राज्यच आहे, मग वाटाघाटी कसल्या, अशी ती भूमिका. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. पुढच्या वर्षी, जुलै-ऑगस्टमध्ये, दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केले. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोऱ्यांची सत्याग्रही तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गेले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसं मेली. त्याच महिन्यात संबंध पूर्ण तुटले.

संबंध तुटतात तेव्हा नेमकं काय होतं? वर्गात आम्ही एक वाक्य सांगून पुढे जायचो. खरं पाहता दोन सरकारांना एकमेकांशी काम असतंच, कारण एकाची माणसं दुसऱ्याच्या मुलखात अडकलेली असतात. मग तिसऱ्याकडे जावं लागतं. भारताचे हितसंबंध लिस्बनमध्ये इजिप्तने पाहिले, पोर्तुगालचे दिल्लीत ब्राझीलने. गोव्यातल्या माणसाबद्दल दिल्लीला लिस्बनला काही विचारायचं, तर तो निरोप कैरोच्या माणसाच्या हातून जायचा. गोवा आणि सावंतवाडी यांच्यात एक नदी आडवी, आणि निरोपाचा रस्ता हा एवढा लांबचा.

हद्दीवर त्याहून वाईट अवस्था होती. मुंबईत धोबीतलावाला, गिरगावात, गोवेकर खलाशांचे आणि आचाऱ्यांचे कूड होते. गावागावाचा वेगळा कूड, तिथेच ट्रंक ठेवायची, जहाज मिळेपर्यंत तिथेच पथारी. या माणसांचं घर गोव्यात आणि पोट मुंबईत. नाकेबंदी झाली, मुरगावची रेल्वे थांबली, परवान्याशिवाय हद्द ओलांडता येईना, पैसे पाठवणं अडलं. नाकेबंदीने सालाझार नमेल असा दिल्लीचा अंदाज होता. पोर्तुगालने बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून आणि सिमेंट जपानहून आणवलं, दाबोळीला विमानतळ बांधला आणि स्वतंत्र विमान कंपनीही काढली. सालाझार नमला नाही. नाकेबंदीचा खरा भार त्या ट्रंकवाल्यांच्या घरांनी सोसला. ती नाकेबंदी करायला नको होती असं मी म्हणत नाही, कारण बोलायलाच नकार देणाऱ्या सरकारपुढे मार्ग थोडे उरतात. पण हा भार मुक्तिसंग्रामाच्या जमाखर्चात मांडलाच गेला नाही, आणि तो मांडायला हवा.

१२ एप्रिल

१९६० साली याच तारखेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भारत-पोर्तुगाल खटल्याचा निकाल दिला. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला या निकालात विशेष रस वाटायला हवा, कारण त्यात पेशवे आहेत.

पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं आणि २२ तारखेला त्याने भारतावर खटला गुदरला. मागणी अशी: दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जायला भारताच्या मुलखातून वाट लागते, ती भारताने १९५४ मध्ये अडवली, त्या वाटेचा हक्क आम्हाला आहे. हक्क कुठून आला? तर १७७९ च्या पुणे दरबाराच्या तहातून आणि १७८३ व १७८५ च्या सनदांतून. ज्या दोन सरकारांची एकमेकांच्या राजधानीत वकिलातही उरली नव्हती, त्यांचे वकील हॉलंडमध्ये समोरासमोर उभे राहून नाना फडणिसांच्या काळातले कागद वाचत होते.

मोतीलाल सेटलवाड भारताची बाजू मांडत होते आणि मुंबईचे छागला भारताने नेमलेले खास न्यायाधीश म्हणून बसले होते. भारताचं म्हणणं असं की पेशव्यांनी दिला तो वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल, राज्य दिलं नाही. न्यायालयाने हे मान्य केलं. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेलं नाही, असं निकालात स्वच्छ आहे. पण पुढे इंग्रज आले, त्यांनी त्या गावांवर पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरून व्यवहार केला, आणि स्वतंत्र भारतानेही तेच चालू ठेवलं. म्हणून पोर्तुगालला वाट आहे, पण ती खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरती. याला अकरा विरुद्ध चार मतं पडली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना वाट नाही, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरलं. आणि भारताने १९५४ मध्ये केलं ते कर्तव्याविरुद्ध नव्हतं, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

आठ विरुद्ध सात. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पोर्तुगालला शिपाई नेण्याचा हक्क मिळाला असता. मला या निकालात त्या मताहून मोठी वाटते ती एक गोष्ट: भांडण टोकाला गेलेलं असतानाही दोघांनी तिसऱ्यापुढे कागद ठेवले आणि उत्तराची वाट पाहिली. खटला चालू होता तोवर भारताने गोव्यात सैन्य घातलं नाही. निकालानंतर वीस महिन्यांनी घातलं. या दोन घटनांचा थेट संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, पण क्रम नजरेआड करवत नाही.

१३ एप्रिल

रविवार. काइश दु सोद्रेहून काश्काइशच्या गाडीत बसलो. डाव्या हाताला तेजू नदी रुंद होत होत समुद्र होते. काशियाश स्टेशनवर उतरून चढ चढलो. तिथला किल्ला अजूनही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. भिंत पाहून परत आलो.

मोहन रानडे याच किल्ल्यात होते. मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीचे. सावईवेऱ्याला मराठीचे मास्तर म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. १९६० साली त्यांना बोटीने पोर्तुगालला आणून इथे कोंडलं, त्यातली काही वर्षं एकांतवासात.

तारखा पाहा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. ज्या राज्याविरुद्ध लढल्याबद्दल शिक्षा झाली, ते राज्य गोव्यात उरलं नाही. पोर्तुगालचे तीन हजारांहून अधिक सैनिक भारताच्या ताब्यात होते, ते मे १९६२ मध्ये घरी परतले. रानडे आणि त्यांच्यासारखेच पोर्तुगालच्या कैदेत असलेले गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक टेलो मास्कारेन्हस मात्र इथेच राहिले. पोर्तुगालच्या लेखी गोवा अजून पोर्तुगालच होता, त्याच्या राष्ट्रीय सभेत गोव्याच्या जागाही राखलेल्या होत्या. मग हे कैदी युद्धातले कसे ठरणार? ते घरचे गुन्हेगार ठरले. मान्यता न देणं ही कागदावरची गोष्ट वाटते. या भिंतीखाली उभं राहिल्यावर कळलं की ती एका माणसाच्या आयुष्यातली सात वर्षं होती.

लेक म्हणाली, “आई, चल आता, ऊन चढलंय.” स्टेशनपर्यंत मी काही बोलले नाही.

१६ एप्रिल

अल्कांताराजवळ ‘काझा द गोवा’ आहे, जुन्या बुरुजाच्या जागेत. इथल्या गोवेकरांनी १९८७ मध्ये स्थापन केलेली संस्था. तिथे साष्टीच्या एक मावशी भेटल्या, पंच्याऐंशीच्या आसपासच्या. मी मराठीत बोलले, त्यांनी कोंकणीतून उत्तर दिलं, कुणाचं काही अडलं नाही.

मी सोन्याबद्दल विचारलं. गोव्यात पोर्तुगीजांची बँक होती, बांको नासियोनाल उल्त्रामारिनो. लग्न, आजारपण, बोटीचं तिकीट अशा वेळी लोक तिथे दागिने गहाण ठेवून पैसे उचलत. भारतीय फौजा येणार हे दिसू लागल्यावर ते दागिने लिस्बनला हलवले गेले. मावशी म्हणाल्या, “मांयचें भांगर थंय उरलें गो बाय. पावती मात घरांत.” आईने पावती बायबलमध्ये ठेवली होती. कर्ज फेडायची तयारी होती, पण फेडायचं कुणाकडे?

ते दागिने १९९१ साली परत आले. त्यांच्या आईला ते पाहायला मिळाले नाहीत. मावशींनी याची तक्रार केली नाही, फक्त हकीकत सांगितली आणि मला उठू न देता बेबिंक खायला घातलं.

युद्ध छत्तीस तासांत संपलं आणि तहाला तेरा वर्षं लागली. एका बाईच्या पाटल्या परत यायला तीस वर्षं लागली. दोन देशांचं नातं मी या तिसऱ्या आकड्यावरून मोजते.

२१ एप्रिल

सकाळी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. कालच ईस्टर झाला. चर्चच्या घंटा बराच वेळ वाजत होत्या, जिन्यातल्या शेजारीणबाईंचे डोळे रडून लाल झाले होते.

रानडेंच्या सुटकेत एका पोपचा वाटा होता, म्हणून ती पानं पुन्हा उघडली. दादरा-नगर हवेलीच्या मोहिमेत उतरलेले सुधीर फडके रानडेंच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं धडपडत होते. पण दिल्लीचा लिस्बनमध्ये स्वतःचा माणूस नव्हता. दार ठोठावायचं तर ज्याचा शब्द कॅथलिक पोर्तुगालला टाळता येणार नाही, त्याच्याकडे जायला हवं होतं. १९६८ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई परदेश दौऱ्यात व्हॅटिकनला गेले, पोप सहावे पॉल यांना भेटले आणि रानडेंना सोडवावं अशी विनंती त्यांनी केली. स्वतःच्या राज्यासाठी त्यांनी काही मागितलं नाही. सांगलीच्या एका मास्तरासाठी मागितलं, ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ३ फेब्रुवारीला अण्णादुराई गेले. मास्कारेन्हस १९७० मध्ये सुटले.

भाषावार प्रांतांच्या भांडणात आपण तमिळ नेत्यांबद्दल काय काय बोललो आहोत. ही एक गोष्ट महाराष्ट्राने कृतज्ञतेने आठवायला हवी. रानडेंचं ‘सतीचं वाण’ मी नोकरीत असताना शाळेच्या कपाटात आणून ठेवलं होतं. कुणी वाचलं असेल, अशी आशा आहे.

२३ एप्रिल

आज दुसऱ्या बाजूची माणसं.

गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा. सालाझारने त्यांना १४ डिसेंबर १९६१ ला कळवलं होतं की तह नको, शरणागती नको, कैदी झालेला पोर्तुगीज आपल्याला पाहायचा नाही. त्यांच्या हाताशी जुनी हत्यारं आणि तोकडं सैन्य होतं. लढायचं तर पणजी, वास्को बेचिराख करून. १९ तारखेला संध्याकाळी ते शरण आले. भारताच्या कैदेतून सुटून परतल्यावर मायदेशाने त्यांना सैन्यातून काढून टाकलं. त्यांच्या सैनिकांचंही स्वागत पराक्रमी माणसांसारखं झालं नाही. क्रांतीनंतर, १९७४ मध्ये, त्यांचा हुद्दा परत मिळाला. १९८० साली ते गोव्याला आले आणि ज्या लोकांच्या घरादारांवर त्यांनी लढाई आणली नाही, त्यांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं. आपल्या मुक्तिदिनाच्या भाषणांत या माणसाबद्दल दोन वाक्यं असावीत. हुकूम मोडून त्याने गोवा वाचवला.

आणि मोझांबिकमधले भारतीय. बहुतेक गुजराती व्यापारी, कित्येक पिढ्यांची दुकानं. गोव्याचा राग पोर्तुगालने त्यांच्यावर काढला: छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली आणि पुढे देशाबाहेर घालवलं. गोव्याच्या लढाईशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पारपत्र भारताचं, एवढाच अपराध. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

२५ एप्रिल

पोपच्या निधनाचा दुखवटा चालू असल्यामुळे सरकारने आपले कार्यक्रम पुढे ढकलले, पण लोक काही थांबले नाहीत. दुपारी आव्हेनिदा द लिबर्दादवर माणसांचा पूर होता. म्हातारे, लेकुरवाळ्या, कॉलेजची मुलं, प्रत्येकाच्या हातात लाल कार्नेशन. एका आजोबांनी मलाही एक फूल दिलं. मी भारतातली आहे म्हटल्यावर ते “गोवा!” म्हणाले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

२५ एप्रिल १९७४ ला इथल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथली. अंगोला, गिनी, मोझांबिकमधल्या युद्धांनी ते विटले होते. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचली. तीन दिवसांनी पॅरिसच्या हद्दपारीतून मारिओ सोआरेश रेल्वेने सांता आपोलोनिया स्टेशनवर उतरले आणि मे महिन्यात परराष्ट्रमंत्री झाले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला ते भारताचे परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंगांना भेटले आणि पोर्तुगाल वस्तुस्थिती मान्य करायला तयार असल्याचं त्यांनी सांगितलं. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत खातं बदललं, स्वर्णसिंगांच्या जागी यशवंतराव आले, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी सह्या झाल्या.

सही करणारे दोघेही तुरुंग भोगलेले. सोआरेशना सालाझारच्या पोलिसांनी वारंवार धरलं, साओ तोमे बेटावर धाडलं. यशवंतरावांनी १९३२ मध्ये आणि पुन्हा बेचाळीसच्या लढ्यात इंग्रजांचा तुरुंग पाहिला. १९६१ च्या डिसेंबरात यशवंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, म्हणजे फौजा बेळगाव-सावंतवाडीकडून शिरल्या तेव्हा गोव्याची उत्तरेकडची शेजारसत्ता त्यांच्या हातात होती. तेरा वर्षांनी त्याच प्रश्नाचा शेवटचा कागद त्यांच्यापुढे आला. समोरचा माणूस गोवा गमावल्याच्या दुःखात बसलेला नव्हता. ज्या राजवटीने गोवा धरून ठेवला होता, तिनेच आपल्यालाही कोंडलं, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. पोर्तुगालच्या लोकांची आणि गोव्याच्या लोकांची मुक्ती एकाच सत्तेपासून होती. राममनोहर लोहियांनी १९४६ मध्ये मडगावला सभा घेतली त्यानंतर गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना पकडून पेनिशच्या किल्ल्यात धाडलं गेलं. तिथे त्यांच्या आगेमागे सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही गजाआड होते. आज रस्त्यावर तो आजोबा छातीवर हात ठेवत होता, तो मला त्या तुरुंगांचा वारस वाटला.

२७ एप्रिल

कराराची कलमं मराठीत उतरवली. छोटा करार आहे. पहिल्या कलमात पोर्तुगाल गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं पूर्ण सार्वभौमत्व मान्य करतो, आणि तेही आजपासून नव्हे, तर भारतीय घटनेनुसार हे प्रदेश भारतात आले त्या तारखांपासून. म्हणजे दादरा-नगर हवेलीसाठी ११ ऑगस्ट १९६१ आणि गोव्यासाठी २० डिसेंबर १९६१. या एका ओळीसाठी मला यशवंतरावांच्या आणि त्यांच्या अधिकाऱ्यांच्या पाठीवर थाप द्यावीशी वाटते. मान्यता सहीच्या दिवसापासून मिळाली असती, तर मधली तेरा वर्षं लोंबकळत राहिली असती आणि प्रत्येक जन्मनोंद, प्रत्येक खरेदीखत कोर्टात ओढलं गेलं असतं. पुढे आहे सहीच्या दिवसापासून राजनैतिक संबंध, मालमत्ता आणि दाव्यांबद्दल वाटाघाटी, पोर्तुगीज भाषा-संस्कृतीची देवाणघेवाण, गोव्यातल्या ऐतिहासिक आणि धार्मिक वास्तूंचं जतन. हरलेल्याच्या भाषेला आणि त्याच्या देवळांना जिंकणाऱ्याने करारात जागा दिली. ३ जून १९७५ ला करार अमलात आला.

या टेबलावर गोव्याचं कुणी नव्हतं, हे मला खुपतं. दोन राज्यांच्या करारात तशी रीत नसते, हे समजतं. पण लढले ते, नाकेबंदी सोसली ती त्यांनी, सोनं गेलं ते त्यांचं. गोवेकरांना त्यांच्या भवितव्याबद्दल थेट विचारलं गेलं ते एकदाच, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. ३४,०२१ मतांच्या फरकाने ते वेगळे राहिले. आमच्या भागात तेव्हा अनेकांना याचं वाईट वाटलं होतं. मला वाटतं, विचारलं गेलं हेच मोठं होतं, आणि आलेलं उत्तर आपण मानलं याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

यशवंतराव १९८४ मध्ये गेले. सोआरेश १९९२ च्या प्रजासत्ताक दिनाला पोर्तुगालचे अध्यक्ष म्हणून दिल्लीत पाहुणे होते. मूळ मडगावच्या घराण्यातले आंतोनियो कॉस्ता पुढे इथले पंतप्रधान झाले, २०१७ साली मडगावच्या वडिलोपार्जित घरी जाऊन आले, आणि आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत.

लेकीच्या कचेरीत मडगावचा एक मुलगा आहे. त्याच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, त्यामुळे पोर्तुगालच्या कायद्याने नातवालाही नागरिकत्व मिळालं. लिस्बनच्या दप्तरात आधी आजोबांची जन्मनोंद, मग वडिलांची, मग त्याची, असं करत त्याला इथलं पारपत्र मिळालं आणि भारताचं परत करावं लागलं. आई मडगावच्या मतदार यादीत आहे, तो लिस्बनच्या. काल घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, हा करार माहीत आहे का? नाही म्हणाला. चव्हाण कोण, तेही त्याला माहीत नव्हतं. पण त्याने खुर्ची ओढली आणि पहिल्या कलमातल्या तारखा दोनदा वाचून घेतल्या, कारण त्याच्या वडिलांचा जन्म १९६२ चा आहे आणि घरात त्यावरून नेहमी वाद होतो. शुक्रवारी त्याला जेवायला बोलावलं आहे. उरलेली कलमं त्याच्याबरोबर वाचायची आहेत.